पाणी न पिणाऱ्यांच्या गावाला

"अमावस्या चार दिवसांवर आली आन् तू गाडी बाहेर काढतीस?" अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून विचारलं. हे कॅलेंडर त्यांनी जतहून येताना शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांबरोबर बॅगेत घालून आणलं होतं आणि सॅन डिएगोच्या आमच्या स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी टांगलं होतं.

मला अमावस्याच हवी होती. ज्याला भेटायला आम्ही निघालो होतो तो चांदणं पडलं की बिळाबाहेर यायला कचरतो, कारण उजेडात घुबडाला तो लगेच दिसतो. त्याचं नाव कांगारू उंदीर. कांगारूशी त्याचं नातं नाही आणि आपल्या घरातल्या उंदराशीही फार लांबचं. हेटेरोमायडी नावाच्या कुळातला हा प्राणी. या कुळात साधारण साठ जाती आहेत. मागच्या दोन पायांवर उड्या मारणारे कांगारू उंदीर आहेत, तसेच अंगठ्याएवढे पॉकेट माउसही आहेत. कॅनडाच्या दक्षिण टोकापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत त्यांचा वावर, बाकी जगात कुठेही नाही. सगळ्यांची खूण एकच: गालांना बाहेरच्या बाजूने उघडणारे, आतून केसाळ असे दोन खिसे.

अण्णांना हे सगळं सांगायची गरज वाटली नाही. एकच गोष्ट सांगितली, "अण्णा, हा प्राणी जन्मभर पाण्याचा थेंब पीत नाही."

अण्णा पंचाहत्तर वर्षांचे आहेत. त्यातली किमान पन्नास वर्षं त्यांनी पाण्याची वाट बघण्यात घालवली. म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्या शिवाराच्या अलीकडेच थांबतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "चल, बघू तर."

गुरुवार, चैत्र वद्य द्वादशी: डेना पॉइंट

गाडीत मी, अण्णा आणि माझी दहा वर्षांची मुक्ता. पाच दिवसांचा बेत, म्हणजे मुक्ताच्या शाळेचे तीन दिवस बुडणार होते.

सॅन डिएगोहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की वाटेत कॅम्प पेंडलटनचा लष्करी तळ लागतो. घरं नाहीत, दुकानं नाहीत, नुसते गवताळ उतार आणि पलीकडे समुद्र. बंदुका आणि रणगाड्यांच्या सरावाच्या या जमिनीवर पॅसिफिक पॉकेट माउसच्या शेवटच्या वसाहतींपैकी काही टिकून आहेत, कारण इथे बिल्डरला शिरता आलं नाही. उरलेली एक वसाहत सॅन डिएगोहून शंभर किलोमीटरवर, डेना पॉइंटच्या कड्यावर आहे. सकाळी नऊला आम्ही तिथे पोहोचलो.

हा उंदीर पूर्वी लॉस एंजेलिसपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात राहत असे. समुद्रापासून पाच-सहा किलोमीटरच्या आत, बारीक वाळू असेल तिथे. नेमकी हीच जागा माणसालाही बंगल्यासाठी आवडते. पट्टा भरत गेला. वीसेक वर्षं तो कुणाच्या नजरेला पडला नाही, तेव्हा संपलाच असं धरलं गेलं. मग 1993 साली याच कड्यावर तो पुन्हा सापडला आणि 1994 मध्ये तातडीने त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घेतलं.

दिवसा तो दिसणार नाही हे माहीतच होतं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेले, पलीकडे गुडघाभर करडी झुडपं, आणि झुडपांच्या बुडाशी वाळू. मुक्ता दोराला टेकून बराच वेळ वाळूकडे बघत बसली. अण्णांनी विचारलं, "केवढा असतो म्हणायचा?" मी त्यांच्या तळहातावर रुपयाची दोन नवी नाणी ठेवली. त्यांच्या पाकिटात अजून होती. "एवढं वजन. सहा ते नऊ ग्रॅम."

त्यांनी तळहात दोनदा वरखाली केला. मूठ मिटली आणि नाणी तशीच हातात धरून पुढे चालत राहिले.

सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाने 2012 मध्ये या उंदरांची पैदास सुरू केली आणि 2016 पासून त्यांना लगूना किनाऱ्याजवळच्या राखीव टेकड्यांवर सोडायला सुरुवात केली. प्राणिसंग्रहालयातल्या 'पॅट' नावाच्या एका नराने 2023 मध्ये विक्रम केला: माणसाने सांभाळलेला जगातला सर्वांत म्हातारा उंदीर, वय नऊ वर्षं 209 दिवस. मुक्ताला हे पाठ होतं. तिने ते आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं उंदराला एवढं कुणी जगूच देत न्हाई."

संध्याकाळी बारस्टोला मुक्काम. आठ वाजता, म्हणजे तिकडे सकाळी साडेआठला, अण्णांनी आईला फोन लावला. पहिला प्रश्न नेहमीचा, "टँकर आला का?" आला नव्हता.

शुक्रवार, त्रयोदशी: केल्सोच्या टेकड्या

दिवसभर खोलीत काढला. उन्हात बाहेर पडून वाळवंट बघायला जाणं आम्हाला तिघांनाही नको होतं. दुपारी तीनला निघालो, महामार्ग सोडून केल्बेकर रस्त्याला वळलो आणि शेवटचे पाच किलोमीटर मातीच्या रस्त्याने गेलो. मोहावी राष्ट्रीय राखीव क्षेत्रातल्या या वाळूच्या टेकड्या आजूबाजूच्या जमिनीपासून जवळपास दोनशे मीटर उंच आहेत. वाळू घसरली की त्या गुणगुणतात म्हणे, पण वर चढून ऐकण्याचा आग्रह मी धरला नाही. आमचं काम पायथ्याशीच होतं.

पायथ्याला क्रिओसोटची झुडपं आहेत. प्रत्येक झुडपाच्या मुळाशी वाळूचा उंचवटा आणि त्यात बिळं. काही बिळांची तोंडं आतून वाळूने बुजवलेली होती. "दार लावून झोपलाय," मुक्ता म्हणाली. खरोखर तसंच आहे. दिवसा तोंड बुजवलं की आतला ओलावा बाहेर जात नाही.

ऊन उतरलं तशा वाळूवरच्या खुणा ठळक होत गेल्या. दोन लांबट पावलांचे ठसे, मध्ये शेपटीची रेघ, मग बरीच मोकळी वाळू आणि पुन्हा दोन पावलं. मुक्ताने हाताने अंतर मोजलं. जिथे त्याने निवांत चरत फेरी मारली तिथे ठसे जवळजवळ होते, आणि एका ठिकाणी अचानक लांब गेले होते. एका झेपेत हा प्राणी सहा-सात फूट सहज पार करतो.

त्या लांब झेपांच्या जवळच अण्णा थबकले. वाळूवर तिरप्या, एकमेकींना समांतर, टोकाला वळलेल्या रेघा होत्या. जणू कुणी दांडके ओळीने मांडून उचलून नेले असावेत.

"हे फुरसं चाललंय हितनं," ते म्हणाले.

फुरसं इथे नसतं. पण खूण त्यांनी अचूक ओळखली. फुरसं जसं अंग एका बाजूला फेकत आडवं चालतं तसाच चालणारा साइडवाइंडर नावाचा विषारी साप या वाळूत राहतो आणि कांगारू उंदीर हे त्याचं आवडतं खाद्य आहे. माळावर आयुष्य गेलेल्या माणसाला सापाची चाल सांगावी लागत नाही.

या जोडीच्या लढाईचं चित्रीकरण झालेलं आहे. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे रूलन क्लार्क आणि रिव्हरसाइडचे टिमथी हाइम यांच्या विद्यार्थ्यांनी ॲरिझोनातल्या यूमाजवळ रात्री कॅमेरे लावले. 2019 मध्ये निष्कर्ष आले. सापाने झेप घेतल्यापासून उंदीर हलेपर्यंत सरासरी 70 मिलिसेकंद जातात, काही उंदीर तर 38 मध्येच उडाले. माणसाची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. हवेत असतानाच काही जण मागच्या पायांनी सापाला लाथ घालून बाजूला फेकतात. मुक्ताने गाडीत ते सगळे व्हिडिओ आजोबांना दाखवले होते, पुन्हा पुन्हा, हळू करून.

सूर्य गेला. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद बांधून, चटई अंथरून आम्ही झुडपांपासून लांब बसलो. वाळवंटात अंधार पडला की थंडीही लगोलग येते. अण्णांनी कानटोपी चढवली. पाऊण तास काहीच नाही.

मग माझ्या डाव्या हाताला, दहाएक फुटांवर, वाळू हलली.

तो आधी नुसता उभा राहिला. भाजलेल्या रव्याचा रंग, पोट पांढरं, डोळे काळे आणि डोक्याच्या मानाने फार मोठे. शेपूट अंगाहून लांब, आणि तिचं झुपकेदार टोक चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं. पुढचे पाय एवढेसे, छातीशी घेतलेले. एकदम खाली वाकून त्याने त्या इवल्या हातांनी वाळू चाळायला सुरुवात केली. आई तांदूळ निवडताना ताटात बोटं फिरवायची, त्याच वेगाने. सापडलेलं प्रत्येक बी गालाच्या खिशात. तोंड उघडलेलं मला एकदाही दिसलं नाही. खिसा तोंडाच्या बाहेर असल्यामुळे बी थुंकीने ओलं होत नाही, एवढासा ओलावाही वाया जात नाही. बघता बघता दोन्ही गाल फुगले. मुक्ताच्या जॅकेटची चेन किंचित वाजली आणि तो जागच्या जागी नाहीसा झाला. कुठे गेला ते तिघांपैकी कुणालाच दिसलं नाही.

परतताना गाडीत अण्णांनी विचारलं, "पण पाण्याचं काय? पाण्याबिगर जीव जगंल कसा?"

हा प्रश्न एका डॅनिश बाईला आणि तिच्या नॉर्वेजियन नवऱ्यालाही पडला होता. बोडिल आणि क्नुट श्मिट-नील्सन. बोडिल ही नोबेल विजेते ऑगस्ट क्रो यांची मुलगी. 1940 च्या दशकाच्या शेवटी या दोघांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम ठोकून कांगारू उंदरांचा थेंबाथेंबाचा हिशेब मांडला. कोरडं धान्य अंगात जिरतं तेव्हा त्यातून पाणी तयार होतं. शंभर ग्रॅम सातूपासून साधारण 54 ग्रॅम. हे आपल्या सगळ्यांच्या पोटात होतं, पण आपला खर्च मोठा. याचा खर्च जवळपास नाही. घाम नाही, कुत्र्यासारखं धापणं नाही, दिवसभर ओलसर बिळात झोप. मूत्रपिंड असं की लघवी माणसाच्या चौपट दाट करतं. या जोडप्याने उंदरांना नुसतं सोयाबीन घालून समुद्राचं पाणी पाजून पाहिलं, तरी ते जगले.

सगळ्यांत मला आवडतं ते नाक. कोरडी हवा आत घेताना नाकातला ओलावा उडतो आणि नाक गार पडतं, माठ गार पडतो तसं. श्वास सोडताना आतली ओली ऊबदार हवा त्या गार नाकावरून जाते आणि पाणी तिथेच धरलं जातं.

"म्हंजे गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं पाणी सुटतंय तसं," अण्णा म्हणाले.

अगदी तसंच. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

शनिवार, चतुर्दशी: टाफ्टपर्यंत

नुसत्या गाडी चालवण्याचा दिवस. मोहावी गाव, तेहाचापी घाटातल्या पवनचक्क्या, मग बेकर्सफील्ड आणि सॅन वाकीन खोऱ्याचा दक्षिण भाग. घाट उतरताच बदामाच्या बागा सुरू झाल्या. ओळीत लावलेली झाडं, मुळाशी ठिबकच्या नळ्या, बाजूने काँक्रीटचा कालवा. अण्णांनी काच खाली करून कालव्याकडे बघितलं. "कुठनं आणलंय एवढं पाणी?" लांब उत्तरेकडून, शेकडो किलोमीटरवरून. ते पाहून कुठल्याही जतकराला जे वाटेल तेच त्यांना वाटलं असणार, आणि मलाही वाटलं.

पण याच कालव्यांनी कांगारू उंदरांचं राज्य संपवलं. या सगळ्या कुळातला सर्वांत मोठा, म्हणून नावच 'जायंट' असलेला कांगारू उंदीर या खोऱ्याच्या पश्चिमेच्या कोरड्या माळांवर राहत असे. पाणी आलं, नांगर फिरला, वर विष लावलेलं धान्य पसरलं गेलं. त्याच्या मूळ जागेतली पाच टक्केसुद्धा उरली नाही. 1987 पासून तो केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्याचा एक धाकटा भाऊबंद, फ्रेस्नो कांगारू उंदीर, 1992 मध्ये शेवटचा हाती लागला. त्यानंतर कुणालाही नाही.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. आमच्या घरी गव्हाच्या पिठात काळी पूड कालवून गोळ्या केल्या जायच्या. मला लहानपणी त्या ताटाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. त्या गोळ्या अण्णाच करत. दुष्काळात हाती आलेला शाळू उंदरांनी नेला तर घर काय खाईल, हा त्यांचा प्रश्न कधीच खोटा नव्हता. मी काही म्हणाले नाही. ते स्वतःच म्हणाले, "आपला उंदीर घरातला. ह्यो तर माळावरचा. ह्यानं कुणाचं काय खाल्लं?"

ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ 1977 साली जेम्स ब्राउन या शास्त्रज्ञाने माळावर 24 चौकोन आखले. काही चौकोनांना असं कुंपण घातलं की कांगारू उंदीर आत येऊ नयेत. बारा वर्षांनी तिथे झुडपी माळाचं गवताळ रान झालं होतं. उंदीर मोठ्या बिया खातात, माती उकरतात. ते गेले की उंच गवत माजतं. मूठभर वजनाचा प्राणी जमिनीचं रूप ठरवतो. ही गोष्ट अण्णांना सांगताना मी पुन्हा तेवढीच हरखले, जेवढी पहिल्यांदा वाचताना हरखले होते.

टाफ्ट हे तेलविहिरींचं गाव. संध्याकाळचा फोन. टँकर आला नव्हता.

रविवार, अमावस्या: करिझोचं माळरान

पाण्याचे दोन मोठे कॅन, पेट्रोलची टाकी काठोकाठ, दशम्या आणि चटणी. पुढे काहीच मिळत नाही. मॅरिकोपाच्या पुढून सोडा लेक रोडला लागलो, डांबर संपलं, आणि डोंगरांच्या दोन रांगांमध्ये झोपलेलं करिझो समोर आलं. सुमारे अडीच लाख एकर, जानेवारी 2001 पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेलं. सॅन वाकीन खोरं नांगराखाली जाण्याआधी कसं दिसत असेल, त्याचा हा उरलेला मोठा तुकडा.

अण्णा गाडी थांबवायला सांगून खाली उतरले. पिवळं पडत चाललेलं गवत, मोकळं आभाळ, क्षितिजापर्यंत झाड नाही. "जतच की हे," एवढंच म्हणाले.

तासाभराने धारदार दगडाने टायर गेला. जवळून जाणाऱ्या एका गुराखी बाबाने स्टेपनी बसवायला हात लावला, पैसे घेतले नाहीत. दुपारी वॉलेस क्रीक पाहिला. सॅन अँड्रियास भेगेने हा ओढा कापून 130 मीटर बाजूला सरकवला आहे, त्यातले नऊएक मीटर 1857 च्या एका भूकंपात. सोडा लेकचं पाणी आटून मीठ पांढरं चमकत होतं. दोन्ही ठिकाणी फार रेंगाळलो नाही, आमचं चित्त दुसरीकडे होतं.

माहिती केंद्रातल्या स्वयंसेवक बाईंनी एकच ताकीद दिली: रस्ता सोडून पाऊल टाकू नका, खाली घरं आहेत. त्यांनी सांगितलेल्या जागी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि ती वर्तुळं दिसली.

जायंट कांगारू उंदीर एकेकटा राहतो. प्रत्येकाचं आपलं गोल आवार, काही मीटर रुंदीचं, बिळांच्या उकरणीने थोडं उंच झालेलं, आणि वरचं गवत कुरतडून साफ केलेलं. एकामागे एक अशी वर्तुळं डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली होती. विमानातून, उपग्रहातूनही ती दिसतात. त्यावरून उंदरांच्या संख्येचा अंदाज बांधतात.

सर्वांत जवळचं आवार रस्त्याच्या कडेपासून चार हातांवर होतं. त्यावर बिया धरलेल्या काड्यांचे छोटे छोटे ढीग होते, ओंजळीएवढे. एकाच लांबीला कुरतडलेल्या काड्या, उन्हात पसरून ठेवलेल्या.

अण्णा उकिडवे बसले, मुक्ताची दुर्बीण डोळ्यांना लावली. मिनिटभराने म्हणाले, "अगं, हे तर खळं हाय."

आणि खरंच ते खळं होतं. हा उंदीर बी पिकायला लागल्यावर कणसं कापतो, आवारात पसरून काही आठवडे उन्हात वाळवतो आणि मग बिळात नेऊन साठवतो.

"वल्लं भरलं तर बुरशी धरती," अण्णा म्हणाले. "ह्याला कुणी शिकवलं?" मग स्वतःशीच बोलावं तसं सांगू लागले. त्यांच्या आजोबांचं शाळूचं पेव होतं. जमिनीत खोल आड, तोंड निमुळतं, आतून कडब्याचं अस्तर. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, ती अण्णांनी स्वतः पाहिली आहेत. "बहात्तरच्या दुष्काळात लोक म्हणायचे, ज्याचं पेव त्याचं घर."

मी दुर्बीण घेतली. एका काडीला चपट्या, गोलसर, इवल्या शेंगा होत्या. पेपरग्रास. वनस्पतीच्या कुळाने ती आपल्या अळिवाची सख्खी बहीण. मुक्ता झाली तेव्हा आईने जतहून अळिवाची पिशवी पाठवली होती, लाडवांसाठी. तेच घराणं इथे या माळावर, या उंदराच्या खळ्यात वाळत पडलेलं. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली आणि मान डोलावली.

त्या एका आवारावर किती जीव टेकलेत ते दिवसभरात दिसत राहिलं. जुन्या बिळाच्या तोंडाशी एक बोथट नाकाचा ठिपकेदार सरडा ऊन खात होता. तोही संकटग्रस्त, त्याला ही बिळंच घर. अँटिलोप खार शेपूट पाठीवर टाकून पळाली. उकरलेल्या मातीतच कॅलिफोर्निया ज्वेलफ्लॉवर नावाचं दुर्मीळ फूल रुजतं. सॅन वाकीन किट फॉक्स हा मोठ्या कानांचा चिमुकला कोल्हा तर मुख्यतः या उंदरावरच जगतो. धान्य वाळवणारा हा एक प्राणी नसता तर करिझोच्या माळावर यातलं बरंच काही उरलं नसतं.

सूर्य मावळला. चांदण्या इतक्या की अण्णांनी बोटाने सप्तर्षी, मग ध्रुव दाखवला आणि मुक्ता पहिल्यांदाच आजोबांच्या बोटाच्या रेघेत तारा शोधायला शिकली. गाडीला टेकून तिघेही एका घोंगडीत बसलो.

आवाज आधी आला. दूर, जमिनीतून. कुणी देवळात भजनाआधी ढोलकीवर बोटं फिरवून ताल चाचपावा, तसा. थांबला. मग दुसरीकडून उत्तर आलं, आणि पुन्हा पहिला. मागच्या पायांनी जमीन बडवून हे एकमेकांना 'मी इथे आहे' सांगतात. जॅन रँडल या शास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं हे ताल ऐकले. प्रत्येक जातीचा ठेका वेगळा, आणि बॅनरटेल नावाच्या जातीत तर प्रत्येक उंदराचा आपला ठेका. शेजारी त्यावरून शेजाऱ्याला ओळखतो. त्यांचा मधला कान एवढा फुगलेला असतो की दोन्ही कानांच्या पोकळ्या मिळून मेंदूपेक्षा मोठ्या भरतात. घुबडाच्या पंखांची हलकी झुळूकही त्यात पकडली जाते.

"मुक्ता, श्वास धर," मी कुजबुजले.

लाल उजेडाच्या कडेला तो बसलेला होता. केल्सोच्या त्या रव्याच्या रंगाच्या प्राण्यापेक्षा चांगलाच मोठा, वीतभराच्या आतबाहेर अंग. ढिगापाशी गेला. एक काडी दोन्ही हातांत धरली, सर्रकन ओढली, शेंगा खिशात. काडी टाकली. दुसरी. आमच्याकडे त्याचं लक्ष होतं की नाही कोण जाणे. एकदा थांबून उजवा पाय जमिनीवर बडवला आणि तो ठेका मला गाडीच्या पत्र्यातून पाठीला जाणवला, किंवा तसं वाटलं. अण्णांचा हात माझ्या मनगटावर होता. मग दोन्ही गाल भरून तो बिळात उतरला. थोड्या वेळाने रिकाम्या गालांनी पुन्हा वर. अशा चार खेपा आम्ही मोजल्या.

पाचवी खेप झाली नाही. आवारापलीकडून काहीतरी बारीक पावलांचं धावत गेलं आणि सगळीकडचे ठोके एकदम थांबले. कोल्हा असावा.

आम्ही त्यानंतरही तासभर बसलो. परत जायचं कुणी काढलं नाही.

सोमवार, वैशाख शुद्ध प्रतिपदा: घरी

परतीच्या वाटेवर रिव्हरसाइडजवळ लेक पेरिसला दहा मिनिटं थांबलो. इथे स्टीफन्स कांगारू उंदीर आहे. 1988 मध्ये संकटग्रस्त ठरला, त्याच्यासाठी जमिनी राखल्या गेल्या, आणि 2022 मध्ये त्याचा धोका एक पायरी खाली आणला. चारी बाजूंनी गोदामं आणि घरं उठत असतानाही हे जमलं, हे बघून मला धीर आला. दिवसाची वेळ होती. आम्ही नुसतं गवत पाहिलं आणि निघालो.

अण्णा मागच्या सीटवर मुक्ताशी बोलत होते. परवा अक्षय्य तृतीया, तेव्हा परसातल्या लिंबाला आणि कढीपत्त्याला आळी करायची, तिने मदत करायची, असं ठरलं. "आन् पलीकडच्या कोपऱ्यात काय लावायचं न्हाई," ते म्हणाले, "तसंच ऱ्हाऊ दे. कोण येतंय कोण जाणे."

घरी पोहोचायला साडेसात झाले. मी पिठलं टाकलं. अण्णांनी खिशातली रुपयाची दोन नाणी कॅलेंडरखालच्या फळीवर ठेवली आणि बरोबर आठला फोन लावला.

"टँकर आला का? ... आला? दोन खेपा? बरं झालं, बरं झालं. पिंप भरून घेतलंस न्हवं? ... आता ऐक मी काय सांगतोय. न्हाई, बरा हाय मी. बस जरा, चूल ऱ्हाऊ दे. अगं, हितं एक उंदीर हाय. पाणीच पीत न्हाई. ... खरंच सांगतोय, मी बघितला की. आधी खळं करतंय, मग वाळवतंय, मग पेवात भरतंय. आन् भरतंय काय, तर तुझ्या अळिवाच्याच घरचं..."